जावयाच्या लेकी

“कान आहे का, कान?” एंटरमामांनी स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

“आहे की. दोन आहेत.”

“त्यातल्या एकात तरी बिल्ला आहे का?”

“अहो मामा, मी बिल्ला मारायला पोचले तेव्हा वासरू गेलेलं होतं.”

“बिल्ला नाही म्हणजे वासरू नाही. हे बघा.” मामांनी बोट उचललं आणि एंटरवर असं आदळलं की शेजारचा चहाचा कप हलला. स्क्रीनवर लाल पट्टी आली. ‘वासराचा बिल्ला क्रमांक भरा.’ मामा खुर्चीत मागे टेकले. “जातच नाही पुढं. आता मी काय करू? आत जाऊन बसू त्याच्या?”

बिल्लाताईनं वही त्यांच्यापुढे आपटली. आठ महिन्यांतली नऊ वासरं होती त्या पानावर. तारखा, आईचे बिल्ला नंबर, मालकाचं घर, सगळं. नुसतं वासरांपुढे काही नव्हतं, कारण ती जन्मायच्या आतच मेली होती.

“मग आतापर्यंत तुम्ही काय केलंत या नऊ जणींचं?” तिनं विचारलं.

“सगळे करतात तेच. खाली.”

आता हे ‘खाली’ काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणारच नाही. गाईला कांडी भरली, म्हणजे वळूच्या बीजाचा डोस दिला, की संगणकात तिची नोंद होते. तीन महिन्यांनी डॉक्टर तपासतो आणि ती ‘गाभण’ होते. नऊ महिन्यांनी व्याली की वासराचा बिल्ला नंबर भरायचा, मग ती ‘व्यालेली’ होते. पण बिल्ल्याशिवाय व्यालेली करता येत नाही, आणि गाभण ठेवली तर पुढची कांडी मिळत नाही. मग मामांनी, म्हणजे मामांनीच कशाला, सगळ्याच हपिसांतल्या सगळ्याच मामांनी एक वाट शोधून काढली होती. ‘खाली’चं बटन. खाली म्हणजे गाभ ठरलाच नव्हता, तपासणीत चूक झाली. नऊ महिने जिनं पोटात वागवलं, दोन दिवस कळा दिल्या, ती गाय कागदावर कधी गाभणच नव्हती!

“मामा, अहो मग जावयाच्या लेकींचं खरं कळणार कसं वरच्यांना?”

“जावयाच्या लेकी जावई बघेल,” मामा म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले.

बिल्लाताई दूध संघात नोंदणीचं काम करायची. एकवीस वर्षं. स्कूटरच्या मागे दूध मोजायचा काटा, पुढे हुकाला बिल्ल्यांची पिशवी आणि चिमटा. बेचाळीस गोठे तिच्याकडे. वासरू जन्मलं की दोन दिवसांत जाऊन त्याच्या कानात पिवळा बिल्ला ठोकायचा, आई कोण, बाप कोण, लिहून घ्यायचं. लोक तिचं खरं नाव कधीच विसरून गेले होते. तिच्या नवऱ्यालासुद्धा दुकानात ‘बिल्लाताईंचे मिस्टर ना?’ म्हणून विचारायचे, आणि तो बिचारा हो म्हणायचा.

आणि जावई म्हणजे वळू. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, तो लांब कुठल्यातरी केंद्रात उभा असायचा, इकडे यायच्या त्या नुसत्या त्याच्या कांड्या. पण त्याला या भागात आणलं बिल्लाताईनं. त्याच्या आधीच्या वळूची वासरं इतकी दांडगी यायची की पहिल्या वेळच्या कालवडींचे हाल बघवायचे नाहीत. मग केंद्राच्या वळूंच्या यादीत हा नवा आला, त्याच्यापुढे लिहिलेलं, ‘वासरू सहज येते’. बिल्लाताई गोठ्यागोठ्यात जाऊन सांगत सुटली, “हा घ्या. डोळे झाकून घ्या.” आणि खरंच की हो! वासरं अशी सुटायची, जसा ओल्या हातातून साबण. लहानखुरी, चुणचुणीत, अर्ध्या तासात उभी. लोकांनी बिल्लाताईला डोक्यावर घेतलं. जिथं जाईल तिथं त्या वळूचं असं स्वागत की कुणीतरी त्याला जावईच म्हणायला लागलं. कांडी भरणारा माणूस दिसला की लोक आधी विचारायचे, “जावई आणलात का?”

त्याला चार वर्षं झाली. त्याच्या लेकी वाढल्या, गाभण राहिल्या आणि पहिल्यांदा व्यायला बसल्या. आणि अडायला लागल्या.

बिल्लाताईला आठवलं, केंद्रातल्या एका तरुण मॅडमनी एकदा प्रशिक्षणात सांगितलं होतं. वासरू सहज बाहेर येणं आणि गाय सहज विणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ताई. वळूमुळे वासरू बारीक होतं, ते सुटतं. पण तीच बारीक कालवड मोठी झाली, आणि मागून अरुंदच राहिली, तर तिचं स्वतःचं वासरू कुठून येणार? म्हणून यादीत दोन खाने असतात. एक वासराचा, एक लेकींचा. लेकींचा खाना भरायला वर्षं लागतात, तोवर तो कोरा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. बिल्लाताईनंही. जेवणाची वेळ झाली होती.

आता तो खाना भरत होता. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या लेकींपैकी किती जणींनी जिवंत वासरू दिलं, त्यावर. आणि ज्यांचं मेलं त्या सगळ्या ‘खाली’. म्हणजे त्या मोजायच्याच नाहीत. म्हणजे ज्या उरल्या त्यांचं शंभर टक्के उत्तम!

ती तरातरा साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिची वाटच बघत होते, हसतमुखानं.

“या, या. तुमच्यासाठीच पाठवलंय वरून.” त्यांनी जाड कागद पुढे केला. चौकट, शिक्का, खाली सही. उत्कृष्ट विभाग. “अख्ख्या जिल्ह्यात, जन्मताना किंवा नंतरही, एकही मृत वासरू नाही असा एकच भाग. तुमचा.”

बिल्लाताईनं कागद हातात घेतला, वाचला, उलटा करून मागेही बघितलं. मागे काही नव्हतं.

“साहेब, नऊ आहेत.”

“काय नऊ?”

“मेलेली वासरं. माझ्या वहीत आहेत.”

“संगणकात नाहीत ना?”

“संगणक घेतच नाही!”

“मग झालं तर.” साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “तुम्हाला चांगलं म्हटलेलं चालत नाही का हो?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी यादी पाच महिन्यांनी निघणार होती. जावई त्यात वर राहिला तर पुढची सगळी कालवडींची खेप त्याचीच, म्हणजे आणखी शेकडो अरुंद लेकी. आणि तिला काळजी फक्त लोकांच्या गोठ्यांची होती असं समजू नका. तिच्या स्वतःच्या घरी, मोठ्या जावेच्या गोठ्यात, जावयाची एक लेक उभी होती. कवडी. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आता पहिल्यांदाच गाभण. अक्काला, म्हणजे या थोरल्या जावेला, ‘हाच वळू घ्या’ असं सांगणारी कोण? बिल्लाताईच.

स्कूटर चालवता चालवता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. संगणकाला कान पाहिजे ना? बिल्ला पाहिजे? देऊ की!

मेलेल्या वासरांना बिल्ले मारायचे.

पहिला प्रयोग झाला पोस्टमनकाकांच्या गोठ्यात. पोस्टमनकाका निवृत्त झालेले, घरी दोन गाई, दोन्ही जावयाच्या लेकी. सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला, “ताई, येऊ नका. काही उपयोग नाही.” ही दहा मिनिटांत हजर. वासरू गोणपाटाखाली झाकलेलं. काका मागच्या अंगणात खड्डा खणत होते, अंगातून घामाच्या धारा.

“गोणपाट काढते हं,” असं म्हणून ती खाली बसली आणि चिमट्यात बिल्ला बसवायला लागली.

काका फावडं टाकून धावत आले. “अहो, काय करताय काय? वेड लागलं का तुम्हाला?”

“बिल्ला मारते.”

“मेलंय ते!”

“माहितीये काका.”

“मेलेल्याच्या कानाला भोक पाडणार? आतून ती बघतेय बघा.” आत गाय खरंच मान लांब करून बघत होती. “एवढा छळ झाला तिचा रात्रभर, तो कमी पडला?”

“काका, बिल्ला नसेल तर हे जन्मलंच नाही असं लिहितात. आणि तुमची गाय गाभणच नव्हती असं लिहितात. मग जावई एक नंबर. मग त्याच्या आणखी लेकी. मग असंच.”

काका थांबले. तीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस. “म्हणजे परत आलेलं पत्र फाडूनच टाकतात?”

“फाडतात कसले. आलंच नव्हतं म्हणतात.”

“आमच्यात नोकरी गेली असती,” काका म्हणाले. मग जरा वेळानं त्यांनी तोंड फिरवलं. “तुम्हीच सांगितलं होतं ना या वळूचं? डोळे झाकून घ्या म्हणालात.”

“मीच.”

“हं. मारा.”

टच्‌ असा आवाज झाला. जिवंत वासरू त्या आवाजाला मान झटकतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं बिल्ला मारला आणि काहीच हललं नाही. तिला ते फार लागलं, पण ती नंबर लिहून घेत राहिली.

आणि काय सांगू, गेला ना! मामांनी नंबर भरला, एंटर आदळला आणि लाल पट्टी आलीच नाही. “च्यायला!” मामा म्हणाले. “घेतलं की हो त्यानं!” बिल्लाताईनं त्या दिवशी मामांना स्वतः चहा आणून दिला.

मग पाच महिने तिचं एकच काम. फोन वाजला की स्कूटरला किक. पुरायच्या आत पोचायचं. एकीकडे पोचली तर वासरू खड्ड्यात ठेवून झालेलं, मालकीणबाई म्हणाली, “आता वर काढायला लावू नका हो ताई,” तर ही स्वतः खड्ड्यात उतरली. लोक कुजबुजायला लागले. दूध घालायच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, “ताई आली म्हणजे समजायचं, गेलं.” हसले सगळे. तीही हसली, दुसरं काय करणार? नवरा म्हणाला, “अगं, जरा दम खा. झोपेत टच्‌ टच्‌ करतेस.” ती म्हणाली, “यादी निघू दे एकदा.”

अकरा वासरं झाली. अकरा बिल्ले, अकरा नंबर, सगळे संगणकात.

यादी निघाली तेव्हा ती सकाळी नऊलाच मामांच्या मागे उभी राहिली. मामांनी पान उघडलं. आधी जावई तिसरा असायचा.

तो पहिला होता.

“खालून बघताय का तुम्ही?” तिनं विचारलं.

“वरून बघतोय. हा बघा. लेकींचं बाळंतपण, अतिउत्तम.”

तिनं तिथूनच केंद्रातल्या मॅडमना फोन लावला. मॅडम फोनवर चांगल्या बोलल्या, खरं सांगायचं तर फारच चांगल्या बोलल्या.

“ताई, तुमच्या भागाचं मी नेहमी उदाहरण देते. या वेळी तर अकरा पहिलारूंची नोंद जास्तीची आलीय. म्हणून तर तो वर गेला.”

“अहो मॅडम, ती अकरा मेलेली आहेत!”

“मेलेली? पण बिल्ला आहे ना त्यांना?”

“मीच मारला. मेल्यावर.”

“ताई... बिल्ला म्हणजे जिवंत. असंच धरलंय ते. मेलेल्या वासराला कुणी बिल्ला मारेल असं...”

“कुणाला वाटलंच नाही.”

“हो.”

बिल्लाताईनं कपाळावर हात मारला. मारला म्हणजे खरंच मारला, मामा दचकले. अकरा वेळा ती चिखलात बसली होती, अकरा वेळा लोकांची बोलणी खाल्ली होती आणि अकरा मेलेली वासरं तिनं स्वतःच्या हातानं जिवंत करून जावयाच्या पदरात टाकली होती!

“दुरुस्त करा ना मग.”

“मृत्यूची नोंद टाका, ताई. त्यासाठी बटन आहे.”

होतं बटन. मामांनी दाबलं. ‘मृत्यूची तारीख जन्मतारखेनंतरची असावी.’ एक दिवस पुढची टाकली, घेतली. अकराच्या अकरा टाकल्या. दोन आठवड्यांनी साहेबांना पत्र आलं, की तुमच्या भागात एक दिवसाची अकरा वासरं दगावली, म्हणजे गोठ्यांत साथ दिसते, अस्वच्छता दिसते, सोबत पाठवलेली जंतुनाशक पावडर वाटावी. चार खोकी पावडर! साहेबांनी खोक्यांकडे बोट दाखवलं. “उत्कृष्ट विभाग,” एवढंच म्हणाले.

“आणि यादी, साहेब?”

“यादीचा याच्याशी काय संबंध? साथीनं मेली, बाळंतपणात नाही. यादी छापली गेली. तुम्ही आधी ही पावडर वाटा.”

तिनं वाटली. काय करते? गोठ्यागोठ्यात पावडरचा डबा द्यायचा आणि म्हणायचं, “ही ठेवा. आणि ऐका, जावई घेऊ नका या वर्षी.” लोक डबा घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. भिंतीवर यादी लावलेली, जावई पहिला.

“यादीत तर आहे, ताई.”

“यादी चुकलीय.”

“यादी तुमच्याच नोंदीवरून करतात ना?”

ती पुढचा डबा काढायला स्कूटरकडे वळली.

कवडी एका दुपारी बसली. सकाळपासून उठबस चालली होती, बाराच्या सुमाराला पाय दिसले, दोन वाजून गेले तरी पायच. दोघींचे नवरे कारखान्यात. अक्का कवडीची मान मांडीवर घेऊन बसली होती आणि एकसारखी बोलत होती, “हो गं, हो. कळतंय. माझ्या थोरल्याच्या वेळी असंच झालं होतं. दाई म्हणाली शिव्या दे, मी सासूला दिल्या. तू मला दे.”

डॉक्टर आला, कोपरापर्यंत हात घातला. मग दोऱ्या लावल्या. डॉक्टर, बिल्लाताई आणि शेजारचा सुतार, तिघांनी ओढलं. कवडी ओरडली, मग ओरडायचीही थांबली.

“वासरू मोठं नाहीये हो,” डॉक्टर धापा टाकत म्हणाला. “वाटच नाही हिला.”

तीन वाजता वासरू गवतावर आलं. जीभ बाहेर, सुजलेली, निळी. अक्कानं गवताच्या मुठींनी ते चोळलं, नाकात फुंकलं, मागचे पाय धरून उचललं, परत चोळलं. डॉक्टरनं तिच्या खांद्याला हात लावला, तरी ती चोळतच होती. शेवटी ती थांबली तेव्हा कवडीनं मान फिरवली आणि वासराला चाटायला सुरुवात केली. अगदी सावकाश, शेपटीकडून डोक्याकडे, काहीच घाई नसल्यासारखी.

डॉक्टर गेला. सुतार गेला. अक्का हात धुऊन आली.

“मार,” ती म्हणाली.

“काय?”

“बिल्ला. अख्ख्या भागातल्या वासरांना मारत फिरलीस. आमच्याच्या वेळी हात का थांबला?”

“अक्का, मारला की ते जिवंत होतं. कागदावर.”

“मग नको मारूस. ते तुमचं खाली का काय ते लिही.”

“खाली लिहिलं की ही कधी गाभणच नव्हती.”

अक्कानं तिच्याकडे बघितलं. “मग मी नऊ महिने काय उशीला चारा घातला?”

बिल्लाताईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, आणि ते दोन्ही एकदम यायला लागल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली. “अक्का, तुम्हाला हा वळू मी घ्यायला लावला.”

“लावलास. आता सांग, तिसरं काय लिहिता येतं?”

“तिसरं काही नाही.”

“मग काहीच लिहू नकोस.”

बिल्लाताईनं डोळे पुसले. “काहीच नाही लिहिलं तर ती गाभणच राहील. कागदावर.”

“राहू दे.”

“पुढची कांडी मिळायची नाही, अक्का. ती व्याल्याशिवाय देतच नाहीत. वर्ष फुकट जाईल. दोनसुद्धा.”

“हिला परत त्या वाटेला लावायची घाई कुणाला आहे?” अक्का म्हणाली. “राहू दे गाभण. बघू किती दिवस ठेवतात.”

दुसऱ्या दिवसापासून बिल्लाताई परत गोठ्यागोठ्यात. आता वासरू मेलं तर बिल्लाही नाही आणि खालीही नाही. गाय गाभणच ठेवायची. दहा महिने, अकरा महिने, बारा. कधीतरी कुणीतरी विचारेलच ना, की ही गाय आहे की काय आहे? पण ज्याला त्याला पुढची कांडी हवी होती, आणि हवी असणारच, गाय व्याली नाही तर दूध कुठून येणार? “ताई, तुमचं बरोबर आहे,” लोक म्हणायचे, “पण आमची खाली करून टाका.” त्यांचंही चूक नव्हतं. तिनं डोकं आपटून घेतलं, हात जोडले, एकाशी तर भांडलीही. तयार झाले एकटे पोस्टमनकाका, त्यांची दुसरी गाय अडली तेव्हा. “माझं आता वय झालंय,” ते म्हणाले. “थांबायला मला वेळ आहे.”

म्हणजे दोन. सगळ्या बेचाळीस गोठ्यांत मिळून दोन गाई.

साहेबांनी बोलावलं. “या दोन नोंदी पूर्ण करा.”

“करते, साहेब. मेलेलं वासरू लिहायला जागा द्या, आत्ता करते.”

“जागा देणं माझ्या हातात आहे का?”

“मग नोंद पूर्ण करणं माझ्या हातात नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “तुमची तीन वर्षं राहिलीत ना निवृत्तीला? नीट काढा की,” आणि फाइल उघडली. मामांनी मात्र त्या दोन गाईंना हात लावला नाही. ‘खाली’वर बोट नेलं तर म्हणे त्यांचा खांदा दुखतो.

कवडी अकरा महिन्यांची गाभण झाली, मग बाराची. कास भरायची, अक्का धार काढायची. दूध देणारी गाभण गाय, जिचं पोट आत गेलेलं! तेराव्या महिन्यात मॅडमचा फोन आला.

“ताई, तुमच्याकडे दोन गाई बारा-तेरा महिन्यांच्या गाभण दिसतायत. संगणकाची चूक आहे का?”

“नाही मॅडम.”

“मग तुमची?”

“माझीच. चार वर्षांपूर्वीची. तुम्ही एकदा येऊन बघा.”

“दोनच आहेत ना,” मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, “दोघींचाही बाप तोच आहे का हो?” आणि मग कागद चाळल्याचा आवाज आला, बराच वेळ. “बघते,” त्या म्हणाल्या. “मला जमतंय का बघते.”

त्याच आठवड्यात पलीकडच्या गोठ्यात कांडी भरणारा आला होता. झाकण उघडलं, पांढरी वाफ बाहेर आली, आणि मालक उत्साहानं म्हणाला, “पहिल्या नंबरचाच द्या.” बिल्लाताई कुंपणाच्या अलीकडे उभी होती. ती बोलली, आधी बोलली होती तेच परत बोलली. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पहिल्या नंबरचाच घेतला.

सोमवारी सकाळी ती अक्काच्या गोठ्यात दूध मोजायला गेली. अक्का धार काढत होती, फोन खिडकीत ठेवलेला. तो वाजला. कवडीच्या विण्याच्या तारखेपासून दर सोमवारी तो असा वाजायचा, संगणक आपोआप निरोप पाठवायचा.

“वाच गं,” अक्का म्हणाली. “माझे हात ओले आहेत.”

“आपली गाय लवकरच विणार आहे,” बिल्लाताईनं वाचलं. “तिच्यासाठी कोरडी, स्वच्छ जागा तयार ठेवा.”

अक्कानं धार संपवली. बादली काट्याला लावली. मग कोपऱ्यातला खराटा घेतला आणि कवडीच्या उजव्या अंगाची जागा झाडली, ओलं गवत बाहेर टाकलं, त्यावर कोरडं पसरलं आणि हातानं दाबून सारखं केलं. बिल्लाताईनं काट्यावरचा आकडा वहीत लिहिला. कवडीनं गवताला नाक लावून बघितलं आणि जागा तशीच मोकळी ठेवून ती भिंतीच्या बाजूला सरकून उभी राहिली.